वेच

दिवाळी झाली की आमच्या गावात सकाळी आठनंतर बाई दिसत नाही. सगळ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात. रस्त्यात काकू भेटली तर तेवढंच सांगते, "येचाले चालली." काय वेचायला, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणी विचारत नाही.

त्यामुळे तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या ओळीपाशी मी लहानपणी फसलो. धन आधी जोडायचं आणि मग बोंडासारखं एकेक वेचून घ्यायचं, असा माझा समज. वेच म्हणजे खर्च, हे मास्तरांनी सांगितलं तरी कापसाच्या घरातल्या पोराला पटेना.

खरं तर ही दोन वेचणी नात्यातली नाहीत. तुकोबांचा वेच ‘व्यया’तून आला, बोंडाचं वेचणं संस्कृतातला ‘वि’ उपसर्ग आणि ‘चि’ धातू यांच्या जोडीतून. पुढे फारसीच्या वाटेनं ‘खर्च’ आला. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ बाहेर पडणं; अर्ज ‘खारीज’ होतो तोही त्याच घरातला. खर्चानं सगळी जागा व्यापली. जत्रेत आजी पदराची गाठ सोडून द्यायची ती खर्ची, आणि १७६१ साली पानिपतावर माणसं पडली तीही खर्चीच. बिचारा वेच आता ‘खर्चवेच’ या शब्दात शेपटासारखा लोंबतो.

पण संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वजनकाटा लागला की मला व्युत्पत्तीवाल्यांचं म्हणणं पटत नाही. बायका गाठोडी आणून ठेवतात, बाबा वहीत किलो मांडतात. मजुरी किलोवर. घरात किती कापूस आला आणि खिशातून किती पैसे जाणार, दोन्ही एकाच आकड्यावरून कळतं. जितका वेचला तितका वेच! विकलेल्या कापसाचा चुकारा मिळेल तेव्हा मिळेल; येचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, मात्र बाजाराच्या दिवशी हातावर टेकवावीच लागते. त्यातही दुसऱ्या वेच्यानंतर बोंडं बारकी होतात, दिवसभर वाकूनही गाठोडं भरत नाही, मग बाया दर वाढवून मागतात. रास्तच आहे ते.

हे सगळं मोठ्या हौसेनं आईला सांगितलं. ती ओटीतला कापूस सुपात झाडत होती.

"बरोबरच हाय," ती म्हणाली. "येचतो मीबी, अन् येचते तुये बाबाबी."

बाबा ओसरीवर खर्रा घोटत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.