बूटघोडी क्र. 4: नाक वळायचं थांबलं, पण टीपॉय सरकला

मंडळी, पॉलिश करताना बूट घट्ट धरून ठेवणारी घोडी मी घरीच बनवतोय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की घोडी क्र. 3 तयार आहे, आता फक्त वॉर्निश. ते शब्द गिळतो. दोन रविवारांपूर्वी माझ्या तपकिरी डर्बीची, म्हणजे लेसवाल्या चामडी बुटाची, टाचेवरची मागची शिवण उसवली. पायात असताना नव्हे, घोडीवर चढवलेली असताना! मी स्क्रू आणखी अर्धा फेरा पिळला आणि 'टर्र' असा आवाज आला. घरातून लगेच प्रश्न आला, "काय फाटलं?" मी म्हणालो, "काही नाही." मग तासभर ती शिवण बघत बसलो.

ज्यांना क्र. 3 आठवत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. टीपॉयच्या कडेला जी-क्लॅम्पने आवळलेला उभा खांब, खांबाच्या डोक्यावर एम-10 बोल्ट आणि त्या बोल्टवर आटे पाडून फिरवून बसवलेलं कलबूत, म्हणजे बुटात घालायचा पायाच्या आकाराचा साचा. कलबूत जुन्या बाजारातलं, आठ नंबरचं. बूट त्यावर उपडा चढवायचा आणि टाचेकडचा स्क्रू पिळून कलबुताचे दोन भाग फाकवायचे, की बूट आतून घट्ट. निदान कागदावर तरी.

पहिला घोटाळा मागेच सांगितला होता : नाकावर आडवा ब्रश मारला की सगळंच गरकन फिरायचं. त्याचं कारण शोधायला मला तीन आठवडे लागले आणि उत्तर इतकं बाळबोध निघालं की सांगायला लाज वाटते. बुटाचं नाक माझ्याकडे असतं. उजवीकडे जाणारा माझा फटका जास्त जोरकस असतो. वरून पाहिलं तर त्या फटक्याने कलबूत घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणजे सरळ आट्यांवरून सुटतं. मी पॉलिश करत नव्हतो, हप्त्याहप्त्याने नट खोलत होतो! सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे का असतात, हे शाळेत असल्यापासून माहीत असलेल्या माणसाला हे दिसू नये म्हणजे कमाल आहे.

चेक नट, म्हणजे आट्यांवरून सुटू न देणारा जादा नट, लावला. कलबूत फिरायचं थांबलं. आता कलबुतावर बूट फिरायला लागला.

इथे मी एक चांगली गोष्ट केली आणि एक मूर्खपणा. चांगली गोष्ट म्हणजे मोजमाप. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घेतला, त्याला सुतळी बांधली, सुतळी टो-कॅपभोवती (नाकावरच्या चामडी टोपीभोवती) गुंडाळली आणि आडवं ओढलं. चेक नट नसताना दीड किलोला नाक वळलं, चेक नट लावल्यावर सव्वादोनला. मग काट्याचा हुक ब्रशलाच अडकवून पाहिलं, तर घोड्याच्या केसांचा ब्रश जोरात चालवताना मी साधारण दोन किलोंनी ओढतो. म्हणजे सव्वादोन म्हणजे अगदी काठावर पास. मूर्खपणा असा की पकड वाढवायची म्हणजे आणखी फाकवायचं, असं मी धरून चाललो. खांब टाचेत, नाक त्यापासून 21 सेंटिमीटर लांब. दोन किलोंचा फटका तिथे बसला की टाचेवर 42 किलो-सेंटिमीटरचा पीळ येतो. तो सगळा पीळ चामडं आणि दोऱ्याची एक ओळ सोसत होती. दोरा हरला.

शिवण घालून घ्यायला कोपऱ्यावरच्या काकांकडे गेलो. त्यांच्यासमोर तिपायी लोखंडी ऐरण होती, शिवण टाकताना त्यांनी तिला हातही लावला नाही. डावी मूठ बुटात घातली, टाच गुडघ्यांत धरली, आरीने सहा-सात टाके घातले, झालं. मी विचारलं, "काका, पॉलिश करताना बूट धरायला काही लागत नाही का?" ते म्हणाले, "हात हाय की." ऐंशी रुपये घेतले, वर टाचेला फुकट ब्रश मारून दिला. तो फटका माझ्यापेक्षा निम्म्या जोराचा आणि दुप्पट वेगाचा होता, हे मी मुकाट्याने टिपून ठेवलं.

घरी येताना डोक्यात तेच फिरत होतं. हात किंवा पाय बुटाला फाकवत नाही. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरचे बूटपॉलिशवाले आठवा. लाकडी पेटी, पेटीवर तळव्याच्या आकाराचा ठोकळा, गिऱ्हाइकाने त्यावर पाय ठेवायचा, ब्रशने पेटीवर टकटक झाली की पाय बदलायचा. त्या ठोकळ्यावर बूट इतका निश्चल का राहतो? एक तर पाय आतून खाली दाबतो. दुसरं म्हणजे टाचेची पुढची उभी भिंत ठोकळ्याच्या मागच्या कडेला अडते. मी लहानपणापासून तो ठोकळा पाहतोय आणि त्याला नुसता 'पाय ठेवायची जागा' समजत होतो. तो अख्खा जिग आहे, काम जागेवर धरून ठेवणारा साचा!

तेव्हा घोडी क्र. 4. कलबूत बाद. बूट सुलटा. खाली सागाचा ठोकळा, बुटाच्या कमरेखाली, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामधल्या शँकच्या खाली, बसेल एवढा. वर मऊ नमदा. मागे नऊ सेंटिमीटर उंचीच्या ओंडक्यावर टॉगल क्लॅम्प, म्हणजे खटक्याने आवळणारी पकड, वेल्डिंगवाले जिगला वापरतात ती. त्याचा दांडा टाचेवरून बुटात उतरतो. टोकाला बाभळीचं कोरलेलं छोटं पाऊल आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. खटका दाबला की पाऊल इनसोलवर टेकून खाली दाबतं. दाब पडतो सोलवर आणि शँकवर, म्हणजे बुटाचा जो भाग दाब सोसायलाच बनवलाय तिथे. अपरला, म्हणजे वरच्या चामड्याला, त्याची खबरही नाही.

शिवाय खांब आता टाचेत नसून कमरेखाली. नाक 21 ऐवजी 11 सेंटिमीटरवर आलं, पीळ जवळजवळ निम्मा.

साग टिंबर मार्केटातल्या कापाकापीतला, जवळजवळ फुकट. क्लॅम्प बोहरी आळीतला. दुकानदाराने 'इंपोर्टेड आहे' म्हणून जो पहिला दाखवला त्याच्या रिवेटा हातात घेतानाच खुळखुळत होत्या. मंडळी, टॉगल क्लॅम्प घेताना बंद करून दांडा आडवा हलवून बघा. तिथे खेळ असेल तर बाकी सगळी कारागिरी पाण्यात. दुसऱ्या दुकानात साडेतीनशेला घट्ट मिळाला. चूक एवढीच की उभ्या मुठीचा घेतला. बंद असताना मूठ आकाशाकडे, आणि टाच पॉलिश करताना बरोबर मनगटाला लागते. तुम्ही आडव्या मुठीचा घ्या.

पहिल्या चाचणीत तीन किलो. आनंद झाला, पण पुरेसा नाही. बारकाईने पाहिलं तर माझ्या ठोकळ्याची कड सरळ आणि डर्बीच्या टाचेची भिंत किंचित आत वळलेली. स्वस्त बुटांना ती सरळ कापलेली असते, बऱ्या बुटांना बाक असतो. सरळ कड त्या बाकात कोपऱ्यांवर कशीबशी टेकत होती आणि बूट डुलत होता. मग कडेत 35 मिलिमीटर अंतरावर सहा मिमीचे दोन पितळी खुंट ठोकले, वर रबरी नळी चढवली. पुन्हा सुतळी, पुन्हा काटा. चार किलो, पाच, सहा... आणि टीपॉय सरकला. बूट जागेवर!

त्या संध्याकाळी मी टो-कॅपवर पाणी-पॉलिश केलं, निव्वळ घोडीसाठी. दोन बोटांवर सुती फडकं, मेणाचा चिमूटभर थर, पाण्याचा एक थेंब, बारीक गोल, पुन्हा थर. हे काम ब्रशपेक्षा उलट्या जातीचं. जोर नाही, पण बूट हलला की गोलाचा चेंदामेंदा. चाळीस मिनिटांनी कॅपमध्ये ट्यूबलाइटची कड सरळ दिसली. क्र. 3 वर अशी चकाकी वरचेवर तडकायची, कारण फाकवणारा स्क्रू व्हँपला (नाकामागच्या चामड्याला) आतून ढकलून वाकवायचा आणि मेणाच्या जाड थराला वाकणं सोसत नाही. म्हणून तर आरशासारखी चकाकी फक्त नाकात टो-पफ आणि टाचेत काउंटर हे ताठ थर असलेल्या कडक भागांवर करायची. (स्पंजवाल्या बाटलीतलं झटपट पॉलिश वापरणाऱ्यांनी हा परिच्छेद विसरावा. त्यांच्याशी माझं बोलणं बंद आहे.)

मापाचं थोडक्यात : आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी. सहा ते दहा नंबर घरात असतील तर फरक 34 मिमी. क्लॅम्पच्या ओंडक्याला 40 मिमीची खाच दिली, विंगनटने पुढेमागे सरकतो. घरातले सगळे लेदरचे बूट बसले. लोफरही बसला, जो क्र. 2 आणि 3 वरून सटकून पडायचा. लेस नसल्याने आतून फाकवलं की तोंडच उघडायचं. घोटा झाकणारे बूट मात्र बसत नाहीत, दांडा तेवढा वर चढत नाही. त्यांचं नंतर बघू. सलग सपाट सोलचे बूटही नाहीत, त्यांना अडायला टाचेची भिंतच नसते. तिथे बहुतेक वरून पट्टा लागेल.

वॉर्निश आजच लावणार होतो. पण वरचं खुंटांचं लिहिताना काहीतरी खटकत होतं. 35 मिमी हे अंतर माझ्या डर्बीचं. मुलाच्या शाळेच्या बुटाची टाच अरुंद, बाकही वेगळा. त्याला एकच खुंट टेकतो आणि नाक पुन्हा वळतं. खुंट सरकते करायचे तर खाच, नट, पुन्हा तेच आटे सैल होणं. आणि आत्ता खिडकीतून पार्किंगमधली सायकल दिसली. व्ही-ब्रेकचं रबर! त्याच्या मागे आटे असलेला दांडा असतो आणि त्यावर वाटीसारखे वायसर, एकात एक बसणारे. रिमच्या कोनाप्रमाणे रबर तिरकं होतं आणि मग आवळायचं. टाचेच्या बाकाला नेमकं तेच हवंय. दोन रबरं शेजारी शेजारी, दोन्ही आपापल्या कोनात. घसरूही नयेत, कारण त्यांचा जन्मच न घसरण्यासाठी.

म्हणजे खुंट उपटायचे, भोकं सहाची आहेत ती तपासायची आणि वॉर्निश पुन्हा पुढे. सायकलवाला एकला दुकान बंद करतो आणि आत्ता पावणेबारा झालेत. निघतो.