हरणीची हाक: माळावरचे चार महिने

माझी कारवान कुत्री हरणी आठ महिन्यांची झाली. कारवान पाळणाऱ्यांसाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितोय, कारण या जातीला मोकळ्या रानातून परत बोलावणं म्हणजे लॅब्राडॉरला बोलावणं नव्हे. लॅब्राडॉर नाकाच्या मागे जातो, कारवान डोळ्यांच्या. लांब कुठे गवत हललं की हिची मान ताठ होते, पुढचा एक पाय उचललेलाच राहतो, आणि आपण तोंड उघडेपर्यंत ती निघालेली असते.

सोळाव्या आठवड्याची लस होईपर्यंत तिला अंगणाबाहेर काढलं नव्हतं. घरात 'ये' म्हटलं की भाकरीच्या तुकड्यासाठी धावत यायची. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं आणि मी तिला माळावर न्यायला लागलो. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी बांधाजवळ ससा उठला. ससा तुरीत, हरणी त्याच्या मागे, आणि तुरीच्या पलीकडे डांबरी रस्ता. मी 'ये, ये' ओरडत धावत होतो. मोटारसायकलवाल्यानं वेळेवर ब्रेक लावला म्हणून ती वाचली. धापा टाकत माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्यावर जोरात ओरडलो.

दुसऱ्या दिवसापासून 'ये' म्हटलं की ती दहा पावलांवर थांबायची. जमीन हुंगायची, तोंड फिरवायची, माझ्याभोवती मोठा फेरा घालायची, पण हाताला लागायची नाही. आप्पा बांधावर बसून हे बघत होते. म्हणाले, "तू तिला दोरी लावायलाच बोलवायलास. मग ती कशाला येईल?"

त्या संध्याकाळपासून वहीत टिपायला लागलो. सहा हाका मारल्या. चार वेळा दोरी लावली, एकदा तोंडातलं हाड काढून घेतलं, एकदा चिखलाचे पाय धुवायला नेलं. सहाही वेळा तिचं काहीतरी गेलंच होतं. तो शब्द मी तिथेच सोडून दिला. 'यू यू' घ्यावं असंही मनात आलं, पण गल्लीतलं प्रत्येक पोर बिस्कीट दाखवून तिला 'यू यू' करतं, ती हाक सगळ्यांचीच आहे. म्हणून साधी प्लॅस्टिकची शिट्टी आणली. दोन आखूड फुंका. शिट्टीत माझा राग उतरत नाही, भीतीही नाही, आणि वाऱ्यावर ती आवाजापेक्षा स्पष्ट ऐकू येते.

पहिले दहा दिवस शिट्टी फक्त अंगणात वाजली. वाजली की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा, मग ती कुठेही असो, काहीही करत असो. अकराव्या दिवशी माळ. अंगावर हार्नेस आणि त्याला तीस फुटी सुती कासरा. (नायलॉनची दोरी नको. माझा तळवा सोलून निघालाय. आणि लांब दोरी गळपट्ट्याला कधीच नको, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. टोकाला गाठही मारू नका, बोरीच्या झुडपात अडकते.) नियम एकच ठेवला: दहापैकी आठ वेळा ती आली की कलेजी द्यायची, छाती खाजवायची आणि लगेच 'जा' म्हणून सोडायचं. निघायच्या वेळची दोरी उरलेल्या दोनांत.

यानं ती यायला लागली, पण काही हललं की कलेजीला कोण विचारतो! आमच्याकडे ही कुत्री सशाच्या शिकारीसाठीच सांभाळली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ती शिकार आता गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली पाठलागाची ओढ रागावून जात नसते. तिला दुसरीकडे वळवावी लागते. डिसेंबरात मी काठीला दोन हात सुतळी आणि सुतळीला पांढरी दस्ती, म्हणजे रुमाल, बांधली. शिट्टी वाजवायची, तिच्याकडे पाठ करायची आणि दस्ती जमिनीवर फरफटत उलट्या दिशेला पळायचं. पहिल्याच दिवशी ती अशी सुटली की माझ्या पुढे जाऊन वळली. दस्ती तोंडात, शेपूट गोल, डोळे चमकतायत. आता माळावरची सगळ्यात जोरात पळणारी गोष्ट माझ्या हातात आहे. खेळ चार-पाच मिनिटांचाच ठेवतो आणि झटकन वळायला लावत नाही, वाढत्या सांध्यांना ते सोसत नाही.

जानेवारीत गाडं पुन्हा अडलं. पाचव्या महिन्यात एका शिट्टीत येणारी हरणी शिट्टी ऐकून माझ्याकडे बघते आणि उकरत बसते. आप्पांनी वाजवली तर मात्र जाते! मला हे फार लागलं. नंतर 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकातला २०२० मधला ब्रिटिश अभ्यास वाचनात आला. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरांत त्यांना हेच दिसलं: पाच महिन्यांपेक्षा आठ महिन्यांचं पिल्लू आपल्याच माणसाचं कमी ऐकतं, परक्याचं नाही. वयात येण्याचा हा टप्पा, आणि तो सरतो. म्हणून अंतर परत दहा पावलांवर आणलं. शिट्टी एकदाच, नाही आली तर पुन्हा वाजवायची नाही, कासरा हळू आवरत जवळ जायचं.

परवा काढणीला आलेल्या ज्वारीच्या कडेनं ससा उठला. हरणी सुटली. मी फुंकलो. पंधरा-वीस पावलांवर तिचा एक कान मागे वळला, चाल मोडली, आणि तिनं मान वळवून बघितलं. दस्ती आधीच मातीत नाचत होती. ती वळली. कासरा ढिला होता, मी ओढला नव्हता. मी तिथेच खाली बसलो आणि उरलेली सगळी कलेजी तिच्यापुढे ठेवली.

काल मोर दिसला तेव्हा मात्र शिट्टी वाया गेली. हरणीचा जन्म मृगातला. मृग परत लागेपर्यंत कासरा निघणार नाही.