भिंतीला मिशी लावून

चवथीआधी गोव्यातल्या साखळी गावच्या जुन्या घरातले फडताळ झाडताना मागून एक मोठे झुरळ निघाले आणि जांभ्या चिऱ्याच्या भिंतीच्या कडेने असे सुसाट सुटले, की केरसुणी हातातच राहिली. पावसाळी अंधारातही मध्ये आलेल्या खांबाला ते आदळले नाही आणि भिंतही त्याने सोडली नाही; भिंतीकडची मिशी मात्र मागे वाकून चिऱ्याला घासत होती.

या मिशीला शास्त्रात शृंगिका म्हणतात. अमेरिकन म्हणवणाऱ्या (मुळात आफ्रिकेच्या) या झुरळाच्या शृंगिकेला हलवणारे स्नायू फक्त बुडाशी असतात. पुढचा लांब भाग म्हणजे दीडशेच्या आसपास वलयांचा लवचीक चाबूक. त्यावरचे बारीक केस खडबडीत भिंतीत अडकले की चाबूक मागे वाकतो, गुळगुळीत काचेवर मात्र तो बहुधा पुढेच रोखलेला राहतो. चिऱ्याहून खडबडीत भिंत झुरळाला कुठे मिळणार? भिंत जवळ आली की वाक बुडाकडे सरकतो, लांब गेली की टोकाकडे, आणि तो कुठे आहे हे वलयांमधल्या चेतापेशींना जाणवते.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. या चेतापेशी भिंतीचे अंतर कळवून थांबत नाहीत. ते किती झपाट्याने बदलते आहे, हेही त्यांच्या विजेच्या स्पंदांच्या कमीजास्त होण्यातून पुढे जाते. अरुंद वाटेवर नुसते कडेचे अंतर बघून हँडल फिरवणारा स्कूटरवाला झोकांड्या खात जाईल. वेगाचा अंदाज असलेला आधीच सावरतो. भिंतीलगत धावणारे झुरळ सेकंदाला २५ पर्यंत वळणे घेऊ शकते, असे कॅम्ही आणि जॉन्सन या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले. इतक्या घाईत विचाराला फुरसत नसते.

म्हणून निरोपाची वाट आखूड आहे. शृंगिकेची चेता मेंदूत शिरते आणि तिथून काही मोजक्या चेतापेशींचे लांब तंतू मानेतून थेट छातीतल्या गुच्छिकांपर्यंत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींपर्यंत, उतरतात, जिथे पाय हलवणारी चेतापेशींची जाळी असतात. त्यांतल्या दोन चेतापेशी चांगल्याच जाड तंतूंच्या असून शृंगिकेला अवचित धक्का लागताच स्पंदू लागतात.

मी केरसुणी उगारेपर्यंत झुरळ पेटाऱ्याखाली गेले होते. बाहेर दोन मिशा तेवढ्या दिसत होत्या, आळीपाळीने हलणाऱ्या.