आमची वाटचाल : चपडा, स्पिरिट आणि जुने रेडिओ

माझे वडील पॉलिश मिस्त्री. कपाटं, पलंग, देव्हारे, लग्नात द्यायची ड्रेसिंग टेबलं. नौपाडा आणि चरईतल्या कितीतरी घरांतल्या लाकडावर अण्णांचा हात फिरलेला. 1998 साली त्यांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि मी बी.कॉम. होऊन त्यांचा हिशोब सांभाळायला बसले. हिशोब तासाभरात संपायचा. उरलेल्या वेळात मी पॉलिश शिकले.

रेडिओच्या कामात आम्ही ठरवून आलो नाही. गोखले रोडच्या आतल्या गल्लीतला एक वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. सामान आवरताना माळ्यावर एक रेडिओग्राम सापडला. वर उघडणारं झाकण, त्याखाली रेकॉर्डची तबकडी, समोर काचेची डायल, सगळ्यावर बोटभर धूळ. मालक म्हणाले, "मिस्त्री, कपाटासारखंच समजा आणि चमकवून द्या." आम्ही चमकवून दिला. त्यांनी तो नव्या घराच्या हॉलमध्ये ठेवला, पाहुण्यांनी पाहिला आणि पाठोपाठ आणखी तीन सेट आले. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता. त्यामुळे इथे माळ्यावर जुना सेट सापडणं नवलाचं नाही, आणि तो भंगारात द्यायला घरातल्या कुणा ना कुणाचं मन होत नाही.

2001 साली आमच्या हातून एक सेट बिघडला. कोलबाडच्या एका बाईंनी आईचा टेबल रेडिओ आणून दिला होता. आम्ही नेहमीप्रमाणे पॉलिश पेपर मारून वरचा सगळा थर उडवला, सीलर मारला, वर लॅकरचे, म्हणजे थिनरमध्ये विरघळणाऱ्या चकचकीत वॉर्निशचे, तीन हात दिले. आरशासारखा झाला. त्या न्यायला आल्या, वरच्या फळीवरून हात फिरवत थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, इथली जाळी गेली का?" कसली जाळी, आम्हाला कळेना. त्यांच्या आईने क्रोशाचा रुमाल विणून रेडिओवर घातला होता आणि तो वर्षानुवर्षं तिथेच होता. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, सेट तापतो, वरची फळी गरम होते, जुनं पॉलिश जरा मऊ पडतं आणि रुमालाची वीण त्यात उमटते. त्या घरात आई गेल्यावर रुमालही फाटून गेला होता. उरली होती ती पॉलिशमधली वीण, आणि ती आम्ही घासून टाकली होती. त्यांनी पैसे पूर्ण दिले, एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

तेव्हापासून आम्ही घासायच्या आधी बघतो. आमच्या कामात बदल झाला तो एवढाच, पण त्यामुळे सगळं कामच बदललं.

आता सेट आला की माझा नवरा आधी आतला सांगाडा बाहेर काढतो. तो इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. लग्नानंतर 2 वर्षांनी नोकरी सोडून गाळ्यात आला. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि घरातली वीज थेट सांगाड्यावर असू शकते, म्हणून घरी कुणी मागचा पुठ्ठा काढून हात घालू नये असं तो प्रत्येकाला बजावतो. मग मी बटणं काढते. बटणाखालचं वर्तुळ हा माझ्यासाठी खजिना आहे. तिथे ऊन लागलेलं नसतं, हात लागलेला नसतो. सेट दुकानातून आला त्या दिवशी लाकडाचा रंग काय होता, ते तिथे कळतं. बाकीचं कॅबिनेट कितीही काळवंडलेलं असो, रंग जुळवायचा तो त्या वर्तुळाशी.

त्यानंतर तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोळ्याने थेंबभर स्पिरिट लावायचं. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर थिनर लावून बघायचं. त्याने मऊ पडलं तर लॅकर. कारखान्यात तयार झालेल्या बऱ्याच सेटवर फवारलेलं लॅकरच असतं आणि पुष्कळदा गडद रंग लाकडात नसून त्या लॅकरमध्येच मिसळलेला असतो. सरसकट खरवडलं की कडांची ती गडद छटा कायमची जाते. खाली सागवान किंवा अक्रोडाचं विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असतं, जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं. कोपऱ्यावर सँडर मशीन क्षणभर जास्त टेकलं तर खालचा प्लाय उघडा पडतो आणि त्याला इलाज नाही. आमच्याकडे रेडिओला मशीन लावत नाहीत.

खरं तर निम्म्या सेटना नवं पॉलिश लागतच नाही. फोडणीचा धूर, उदबत्तीची काजळी, तेलकट हात यांचा थर टर्पेंटाइनने आणि मऊ फडक्याने निघाला की खालचं मूळ पॉलिश शाबूत सापडतं. भेगाळलेलं असलं तर त्याच्याच द्रावकाचा हलका हात देऊन ते पुन्हा सांधता येतं. या कामाचे पैसे कमी मिळतात, पण मला सर्वात समाधान याचंच. डायलच्या काचेला मात्र आम्ही मागून काहीही लावत नाही. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात. एका पुसण्यात दिल्ली, सिलोन सगळं फडक्यावर येतं.

नवं पॉलिश द्यायची वेळ आली तर चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून तो होतो. आपल्याकडे सर्वात जास्त लाख झारखंडात होते. जुन्या 78 आरपीएमच्या रेकॉर्डीही याच लाखेच्या मिश्रणातून बनत. म्हणजे रेडिओग्रामच्या बाहेरचं पॉलिश आणि आतली रेकॉर्ड एकाच किड्याची देणगी. हे अण्णांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं, तेच आता मी शिकाऊ मुलांना सांगताना माझ्याही चेहऱ्यावर येत असावं. लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे-दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवायचा, गाळायचा, बाटलीवर तारीख लिहायची. सहा महिन्यांवर गेलेलं पॉलिश नीट वाळत नाही, ते फेकायचं. कापूस जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची, जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. एका जागी थांबलात तर खालचा थर उचलला जातो. एका दिवशी थोडेच हात. मग वाळू द्यायचं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, पसरून वाळवायचं. बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप तापून पेटू शकतं.

ठाण्याचा पाऊस हा आमच्या धंद्याचा खरा मालक. हवेत दमटपणा असला की स्पिरिट उडताना ओल धरते आणि पॉलिशवर पांढुरका धुरळा येतो. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही पॉलिशला हात लावत नाही. सुटलेलं विनियर, फुगलेला प्लाय, स्पीकरचं कापड, तडकलेली बटणं ही कामं तेव्हा होतात. अडचण अशी की लोकांना सेट हवा असतो गणपतीला. घराला रंग काढलेला, पाहुणे येणार. "ताई, एवढं कराच," म्हणतात. मी दिवाळीचा शब्द देते. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली.

26 जुलै 2005 च्या पुरानंतर कल्याण-बदलापूरकडून पाण्यात बुडालेले सेट आले. पाच-सहा तरी होते. आम्हाला वाटलं होतं यातलं काही वाचणार नाही. पण जुन्या सेटचं विनियर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवलेलं. पाण्याने सरस विरघळला आणि विनियर न फाटता अख्खं सुटून आलं. आम्ही ते वर्तमानपत्रांमध्ये दाबून सावलीत महिनाभर वाळवलं आणि पुन्हा सरसानेच बसवलं. उन्हात टाकलं असतं तर पापडासारखं वळलं असतं. त्यातले चार सेट परत उभे राहिले. आजही विनियरला फुगा आला असेल तर मी ओलं फडकं ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवते. सरस मऊ होतो आणि विनियर खाली बसतं. म्हणूनच तिथे आधी कुणी फेव्हिकॉल भरलेला असला की फार हळहळ वाटते.

आता वाशी, नेरूळकडूनही कामं येतात. काहींना आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवून हवा असतो. पुढच्या फळीला भोक पाडायचं काम आम्ही घेत नाही, हे मी फोनवरच स्पष्ट सांगते. सेट चालू होत नसेल तर नुसता ठेवा. लाकूड कापू नका.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतो म्हणून पुरचुंडी धरत नाहीत, पण शनिवारी गाळ्यात येतात, खिडकीशी बसतात आणि पॉलिश तिरप्या उजेडात धरून बघतात. मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून एक टेबल रेडिओ आला. वरच्या फळीवर धूळ पुसली तर क्रोशाची वीण, अगदी कडेच्या कमानींसकट. ती फळी आम्ही फक्त कोरड्या फडक्याने पुसली आहे. बाजूंना काम लागेल, ते पाऊस सरल्यावर.