क्लॅम्प लागला की घड्याळ सुरू होतं

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या दवाखान्यांची गर्दी बदलते. कोयत्याचे घाव, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात, सर्पदंश, फडातच कळा सुरू झालेल्या बाया. त्या दिवशी आलेली बाई यांतल्या कशातच बसत नव्हती. बीडकडून टोळीबरोबर आलेली, चाळिशीच्या आतली. पहाटे पाचच्या सुमारास मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे निघाली आणि डाव्या पायातून अशी कळ गेली की जागीच बसली. मुकादम म्हणाला, पाय मुरगळला असेल. कोपीवर नेऊन तेल लावलं, शेकलं. पाय काही गरम होईना. मग ट्रॅक्टरने प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ॲम्ब्युलन्सने आमच्याकडे. पोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली टेक्निशियन आहे. कॅज्युअल्टीत मला काही काम नसतं, पण व्हॅस्क्युलरची, म्हणजे रक्तवाहिन्यांची इमर्जन्सी आहे असा फोन आला की मी रुग्णाला एकदा डोळ्यांनी बघून येते. हत्यारांचं टेबल काय लावायचं ते तिथेच कळतं. त्या दिवशी बरोबर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. त्याला म्हटलं, दोन्ही पायांना हात लाव. उजवा पाय कोमट, डावा गुडघ्याखाली थंडगार. रंग पांढुरका, बोटांना निळसर झाक. जांघेत नाडी लागते, त्याच्या खाली कुठेच नाही. बोटं हलत होती, पण जड. "मुंग्या येत्यात आन् पाय माझा वाटंना ताई," ती म्हणाली. वेदना, फिकेपणा, नाडी नसणं, थंडपणा, बधिरपणा आणि शेवटी हालचाल जाणं. पुस्तकातली ही सहा लक्षणं त्या पोराला तोंडपाठ होती. पण बधिरपणा आणि हालचाल ही दोन सुरू झाली म्हणजे चेतातंतू आणि स्नायू मरायला लागले, हे त्याला तो पाय हातात धरल्यावर उमगलं असावं. तो एकदम गप्प झाला.

कारणही लवकरच सापडलं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवताच मेडिसिनच्या डॉक्टरांना ठोके अनियमित लागले. लहानपणी सांधेताप, त्यातून हृदयाची डावी झडप अरुंद झालेली. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू होती, ती दिवाळीत संपली. फडावर कोण आणून देणार? अशा हृदयाचा डावा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथे साचतं, गुठळी होते. ती सुटली की धमनीतून वाहत जाते आणि जिथे वाट अरुंद होते तिथे अडकते. पायाकडे जाणाऱ्या गुठळ्यांची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे जांघेतला दुभाजा. तिथे मोठ्या फिमोरल धमनीच्या दोन फांद्या होतात. एक वरवर राहून गुडघ्याकडे जाते. दुसरी मांडीत खोल शिरते, ती प्रोफंडा.

सहा तासांचा नियम सगळे सांगतात. सहा तास ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, कुणाचा पाय आधीच जातो, कुणाचा नंतरही वाचतो. पण आमच्या हाताशी वेळ फारच थोडा होता, हे खरं. हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा डोस कॅज्युअल्टीतच शिरेतून गेला. मी पुढे पळत आले.

आता मी काय लावलं ते सविस्तर सांगते, कारण विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. त्यांना डीबेकी, सॅटिन्स्की, पॉट्स, बुलडॉग अशी नावं येतात. परीक्षेत हत्यार दाखवलं की नाव सांगतात. पण व्हॅस्क्युलरचं टेबल नावांनी लागत नाही, ते रक्त ज्या क्रमाने थांबणार आणि ज्या क्रमाने परत सुटणार त्या क्रमाने लागतं. हा क्रम डोक्यात असला तर सर्जनने हात पुढे करायच्या आत हत्यार तयार असतं.

आधी ड्रेपिंग. बेंबीपासून बोटांपर्यंत जंतुनाशकाने पाय रंगवायचा, बाकी अंग निर्जंतुक कापडांनी झाकायचं, आणि दोन्ही जांघा उघड्या ठेवायच्या. दुसरी जांघ कशाला, असं त्या विद्यार्थ्याने विचारलं. वरून रक्त आलंच नाही तर उजव्या बाजूच्या धमनीतून कृत्रिम नळी टाकून डाव्या पायाला रक्त द्यावं लागेल, आणि ऐन वेळी नव्याने ड्रेप करायला सवड नसते. पाऊल हिरव्या कापडात गुंडाळायचं नाही. निर्जंतुक पारदर्शक पिशवीत ठेवायचं, म्हणजे रंग शेवटपर्यंत दिसतो.

मग हेपारिन सलाइन. आमच्याकडे 500 मिली सलाइनमध्ये 5000 युनिट, म्हणजे मिलीला 10 युनिट. शस्त्रक्रिया लोकल भुलीखाली होती, कारण अशा झडपेला पूर्ण भूल झेपेलच असं नाही. म्हणजे टेबलावर बधिर करणारं लिग्नोकेनही होतं. दोन्ही पाण्यासारखी पारदर्शक. म्हणून भरल्या भरल्या सिरिंजवर नाव लिहायचं, नाव नसलेली सिरिंज माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. मॉस्किटो नावाच्या बारीक चिमट्यांच्या टोकांना लहान मुलांच्या फीडिंग ट्यूबचे तुकडे चढवून आम्ही शॉड, म्हणजे मऊ टोकांचे चिमटे तयार ठेवतो. प्रोलीनचा धागा उघड्या धातूच्या चिमट्यात धरला तर त्याला दिसणार नाही अशी चीर पडते, आणि तो पुढे कधी तुटेल ते सांगता येत नाही.

आणि फोगार्टी. बारीक नळी, टोकाला इवलासा फुगा. मी 3, 4 आणि 5 नंबर काढले. प्रत्येकाचा फुगा किती पाणी घेतो ते ठरलेलं असतं: 3 नंबरचा 0.2 मिली, 4 नंबरचा 0.75, 5 नंबरचा 1.5. पाकिटावर छापलेलं असतं, तरी मी मोठ्याने वाचते. छोट्या सिरिंजने वाडग्यातल्या पाण्यात फुगा फुगवून बघितला. सगळीकडून सारखा फुगला, गळती नाही. त्या पोराच्या बोटांच्या चिमटीत तो दिला आणि हळूच भरला, म्हणजे आत धमनीच्या अस्तराला काय वाटतं ते त्याला कळावं. जास्त भरला तर अस्तर खरवडलं जातं, फुगा फुटूही शकतो.

ही नळी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते थॉमस फोगार्टी अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे. लहानपणीच वडील गेले. शाळकरी वयापासून दवाखान्यात काम करत करत ते स्क्रब टेक्निशियन झाले. सर्जन जॅक क्रॅन्ली यांच्या टेबलावर उभं राहून त्यांनी पाहिलं की गुठळी काढायला पायभर चिरा द्यावा लागतो आणि तरी कितीतरी पाय कापावे लागतात, माणसंही दगावतात. मासेमारीच्या गळाला नकली माशी बांधायचा त्यांना नाद होता. त्याच हाताने त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक मूत्रनलिकेच्या कॅथेटरला बांधलं. गुठळीच्या पलीकडे नळी न्यायची, फुगा फुगवायचा आणि ओढून बाहेर यायचं, इतकी साधी युक्ती. 1961 मध्ये ती पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. आज मी ती हातात घेते तेव्हा ट्रॉलीच्या या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने हे शोधलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. विद्यार्थ्यांना मी हे दरवेळी सांगते.

चिरा पडला. आमच्या सर्जन सरांचा हात शांत आहे. वरची धमनी मोकळी करून तिच्याभोवती व्हेसल लूप, म्हणजे आवळता येणारी रबरी दोरी, मग वरवरच्या फांदीभोवती, मग प्रोफंडाभोवती. प्रोफंडा मागच्या बाजूने निघते, ती शोधायला वेळ लागतो, पण तिला लूप घातल्याशिवाय सर पुढे जात नाहीत. गुडघ्याकडची वाट बंद पडली तरी पाय कित्येकदा तिच्याच जिवावर तगतो. सरांनी बोट ठेवून दाखवलं: इथपर्यंत ठोका, आणि इथे एकदम काही नाही.

"मॅडम, हेपारिनला किती वेळ झाला?" भूलतज्ज्ञ मॅडमनी वेळ सांगितली. "क्लॅम्प." धमनी चिमट्यात बंद झाली. सर्क्युलेटिंग सिस्टरने फळ्यावर वेळ लिहिली आणि मोठ्याने वाचली. अकराला दहा कमी होते.

11 नंबरचं ब्लेड, मग पॉट्सची वाकडी कात्री. आडवा छेद, जेमतेम सेंटिमीटरभर. काही ओढावं लागलंच नाही, गुठळीचं टणक, फिकट डोकं आपणहून बाहेर डोकावलं. सरांनी ते डीबेकी चिमट्याने अलगद धरलं. दुभाज्याच्या आकाराचं, दोन पाय फुटलेलं. मी वाटी पुढे केली आणि सिस्टरला म्हटलं, फॉर्मेलिनची बाटली काढा. ही गुठळी फेकून द्यायची नसते. क्वचित ती रक्ताची नसते, हृदयातल्या मिक्झोमा नावाच्या गाठीचा तुकडा असतो, आणि ते तपासणीशिवाय कळत नाही.

आधी वरच्या दिशेने 5 नंबर. नळी परत आली आणि मागोमाग रक्ताची चिळकांडी थेट लाइटच्या हँडलपर्यंत गेली. बाई जागी होती. "काय झालं?" तिने विचारलं. भूलतज्ज्ञ मॅडम तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "चांगलं झालं ताई. वरून रक्त यायला लागलं." क्लॅम्प परत. प्रोफंडात 3 नंबर, थोडंसं निघालं. मग खाली 4 नंबर. नळीवरच्या सेंटिमीटरच्या खुणा मी मोजून सांगत होते: 30, 40, 50. सर स्वतःच नळी ओढत आणि सिरिंज सांभाळत होते, अडलं की दाब किंचित कमी, सैल लागलं की किंचित जास्त. पहिल्या फेरीत काळपट लाल शेपूट आली, ओल्या सुंभासारखी, वीतभर. दुसऱ्या फेरीत लहान तुकडे. तिसरी रिकामी. सरांनी आणखी एक रिकामी फेरी घेतली. खालून उलटं रक्त बऱ्यापैकी येत होतं, पण तेवढ्यावर विसंबायचं नसतं. ते आजूबाजूच्या फांद्यांतूनही येतं, तळाला गुठळी असली तरी.

हेपारिन सलाइनने खालची वाट धुतली आणि 5-0 प्रोलीनने शिवायला घेतलं. धमनीत सुई आतून बाहेर येते ती वाहाच्या पुढच्या कडेला, म्हणजे अस्तर भिंतीला चिकटून राहतं, उचकटून वाहात आडवं येत नाही. मी गाठ बांधण्याआधी सरांच्या बोटांवर सलाइन सोडत होते, कोरड्या हाताला प्रोलीन ओढ देतं. शेवटचा टाका आवळायच्या आधी वरचा क्लॅम्प क्षणभर उघडून बंद, मग खालचे लूप सैल करून बंद. आत राहिलेली हवा आणि बारीक कण निघून जातात.

"मॅडम, सोडतोय." हे भूलतज्ज्ञांना आधी सांगितल्याशिवाय क्लॅम्प कधीही सोडायचा नाही. इतका वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम हृदयाकडे जातं. मॅडमची नजर मॉनिटरवर. ठोके अनियमित होतेच, पण बिघडले नाहीत.

त्या पोराला मी पिशवीतल्या पावलाकडे बघायला सांगितलं. पहिल्यांदा टाच. मग तळव्याला डाग पडल्यासारखी लाली, मग अंगठा. करंगळीला सगळ्यात उशीर लागला. निर्जंतुक वेष्टणातला डॉप्लर, रक्ताचा वाह ऐकवणारं यंत्र, घोट्यामागे ठेवला आणि खरखरीतून ठोका ऐकू आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मास्कवर डोळे भरलेले. मला ते आवडलं. हा आवाज ऐकून ज्याला काही होत नाही त्याने या कामात कशाला यावं?

फॅसिओटॉमीचा सेट मी उघडून ठेवला होता. पोटरी सुजली तर ती उभी चिरून मोकळी करावी लागते, नाहीतर परत आलेलं रक्तच स्नायूंचा गळा आवळतं. सरांनी दाबून बघितलं, मऊ होती. तेव्हा केली नाही, पण आयसीयूत तासातासाला पोटरी, बोटांची हालचाल आणि लघवीचा रंग बघायची सूचना गेली. स्नायूंचं द्रव्य उतरलं तर लघवी काळपट होते. तिची स्वच्छ राहिली.

तपासणीत गुठळी रक्ताचीच निघाली. झडप फुग्याने रुंद करायचं ठरलं, पण फुले योजनेसाठी रेशनकार्ड हवं आणि ते गावाकडे कुलपाच्या घरात. शेजाऱ्याने फोटो काढून पाठवला, समाजसेवा अधीक्षकांनी बाकीचं बघितलं. बाईचा पहिला प्रश्न मात्र उचलीचा होता. घेतलेले पैसे फिटायचे होते, कोयत्याची जोडी मोडली तर नवऱ्याने काय करायचं? मेडिसिनच्या डॉक्टरांनी मुकादमालाच समोर बसवलं. गोळी रोज ठरल्या वेळेला, आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये, आणि पुढच्या तारखेला तिला आणायची जबाबदारी त्याची. तारखा दोन कागदांवर लिहिल्या, एक तिच्याजवळ, एक त्याच्या खिशात. पहिल्या तारखेला तो तिला मोटारसायकलवर घेऊन आला. आयएनआर 2.4 होता, हवा तसा.