नवा बँड ऐकायचा तर सुरुवात कुठून?

फिनलंडच्या ग्रंथालयांबद्दल मी याआधी भरभरून लिहिलं आहे, त्यामुळे इमारतींचं कौतुक आज नको. आजचा विषय आहे आमच्या ग्रंथालयातल्या काउंटरमागच्या बाई. संगीत विभागात स्ट्रॅटोव्हेरियस या इथल्याच बँडच्या सीडी ओळीने लावलेल्या होत्या. नाव ऐकून होते, गाणं एकही ऐकलेलं नव्हतं. "यातली आधी कुठली नेऊ?" असं मी विचारलं. साठीच्या आसपासच्या, लोकरी स्वेटर घातलेल्या त्या बाईंनी नाव सांगितलंच नाही. त्यांनी मलाच विचारलं, "गाणं सुरू झालं की तुला आधी काय ऐकू येतं? गळा, की-बोर्ड, की ड्रम्स?"

मी म्हटलं, गळा. त्या जागेवरून उठल्या, सीडींच्या कडांवरून बोट फिरवत गेल्या आणि १९९७ चा 'व्हिजन्स' काढून माझ्या हातात दिला. "सुरुवातीचे तीन अल्बम सध्या राहू देत, त्यात गाणारा वेगळा आहे," एवढंच म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

मला या प्रसंगाने हलवलं, आणि का ते सांगायलाच हवं. माझ्या वयाची बाई मेटलच्या, म्हणजे जोरकस इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या रॉक संगीताच्या, सीडी चाळते आहे याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मुलासाठी नेतेस का, असं विचारलं नाही. एखाद्या कादंबरीबद्दल बोलावं तितक्या गांभीर्याने त्या बोलल्या. इथे सार्वजनिक ग्रंथालयातून काहीही घरी नेणं कायद्यानेच मोफत आहे, आणि त्या 'काहीही'त इथला थोर संगीतकार सिबेलियस जितक्या हक्काने बसतो तितक्याच हक्काने मेटलही बसतं. हेल्सिंकीच्या ऊदी ग्रंथालयात तर संगीताच्या सरावाला स्टुडिओ आहेत. नाइटविश या इथल्या मेटल बँडची पहिली गायिका टार्या टुरुनेन सिबेलियस अकादमीत शिकलेली. डायनासोरच्या पोशाखात मुलांसाठी मेटल वाजवणारा हेविसॉरस नावाचा बँड इथे २००९ पासून आहे आणि आईबाप पोरांना खांद्यावर बसवून त्याच्या कार्यक्रमांना नेतात. २००६ साली राक्षसांचे मुखवटे घातलेल्या लॉर्डी या बँडने युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली तेव्हा सगळ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. पंचावन्न-छप्पन्न लाखांचा हा देश, पण मेटल ही त्याच्या पाहुण्यांपुढे मांडायची गोष्ट आहे, लपवायची नाही.

आता घरून येणारा नेहमीचा प्रश्न: "तिकडे जाऊन हा आरडाओरडा काय ऐकायला लागलीस?" मला याचा राग येतो, कारण न ऐकता बोललेलं असतं ते. मी ऐकते त्या पॉवर मेटल या प्रकारात आरडाओरडा नसतोच. स्वच्छ, वरच्या पट्टीतला, तयारीचा गळा असतो, लक्षात राहील अशी चाल असते, मागे समूहस्वर असतात. प्रोग्रेसिव्ह मेटल या दुसऱ्या प्रकारात ताल मोडतो, वळतो, गाणं दहा-बारा मिनिटं चालतं. ज्याला सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल लहानपणापासून कानावर पडलेला आहे, त्याला या संगीताची भीती वाटायचं काहीच कारण नाही. ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह बँडचा विषम मात्रांचा एक तुकडा लावला होता तेव्हा माझा इथला सहकारी बोटांवर मोजता मोजता हरवला. मी मात्र सम कुठे येणार ते आधीच ओळखून हात खाली आणला. हे शिक्षण मला इथल्या कुठल्या संगीतशाळेने दिलेलं नाही. ते आपल्याकडचं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

आपल्याकडे असं ग्रंथालय नव्हतं हे खरं. ज्याच्या भावाकडे जी कॅसेट असेल ती ऐकायची, आणि तीच तीच ऐकायची. पण त्यामुळे एक अल्बम शेवटपर्यंत ऐकायची सवय आम्हाला लागली, आणि ती सवय सगळं हाताशी असलेल्या इथल्या पोरांमध्ये मला दिसत नाही.

मूळ मुद्द्याकडे येते. अनोळखी बँडचा पहिला अल्बम निवडताना लोक दोन गोष्टी करतात: एकतर अगदी पहिल्यापासून सुरू करतात, नाहीतर सगळे ज्याला 'सर्वोत्कृष्ट' म्हणतात तो उचलतात. निदान या संगीतात तरी, दोन्हींनी घात होतो.

पहिल्यापासून का नको, याचं उत्तर त्या बाईंनी एका वाक्यात दिलंच होतं. या बँडमध्ये माणसं बदलतात, आणि गाणारा माणूस बदलला की बँडच बदलतो. स्ट्रॅटोव्हेरियसचा पहिला अल्बम १९८९ चा, तेव्हा गिटार वाजवणारा टिमो टोल्की स्वतःच गायचा. टिमो कोटिपेल्टो गातो तो १९९५ च्या अल्बमपासून. त्यानंतर की-बोर्डवर येन्स योहानसन आणि ड्रम्सवर यॉर्ग मिशाएल आले आणि आज आपण ज्याला स्ट्रॅटोव्हेरियसचा आवाज म्हणतो तो १९९६-९७ मध्ये जमून आला. ड्रीम थिएटरचंही तेच. १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये चार्ली डॉमिनिची गातो, जेम्स लाब्री येतो तो १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये. सिंफनी एक्सचा रसेल अ‍ॅलन दुसऱ्या अल्बमपासून, कॅमलॉटचा रॉय खान तिसऱ्यापासून, फेट्स वॉर्निंगचा रे ऑल्डर चौथ्यापासून. जर्मनीच्या हेलोवीनमध्ये १९८५ च्या अल्बमवर काय हान्सेन गिटार वाजवत गातो, आणि १९८७ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा मिखाएल किस्के येऊन 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चा पहिला भाग गातो, जिथून सगळं युरोपीय पॉवर मेटल सुरू झालं असं मी तरी मानते. म्हणून माझा निकष असा: ज्या माणसांमुळे बँड ओळखला जातो ती माणसं पहिल्यांदा एकत्र नीट रुळली तो अल्बम घ्यावा. बहुतेक वेळा तो दुसरा ते सहावा या दरम्यान कुठेतरी सापडतो.

याला अपवाद आहेत आणि ते गोड आहेत. फिनलंडच्या उत्तरेकडच्या केमी गावातल्या सोनाटा आर्क्टिकाचा पहिलाच अल्बम, १९९९ चा 'एक्लिप्टिका', आजही सुरुवातीला तोच द्यावा असा आहे. त्यात टोनी काक्को गातोही आणि की-बोर्डही वाजवतो, आणि कोवळ्या पोरांनी हातचं काही राखून न ठेवता वाजवलेलं प्रत्येक गाण्यात कळतं. इटलीच्या त्रिएस्तमधल्या रॅप्सडीचाही पहिला, १९९७ चा 'लेजेंडरी टेल्स', आधी घ्यावा, कारण त्यांची कथा अल्बममागून अल्बम पुढे सरकत जाते.

'सर्वोत्कृष्ट' का नको? कारण तो बहुतेकदा आधीपासून ऐकणाऱ्यांनी ठरवलेला असतो. ड्रीम थिएटरसाठी कुणालाही विचारा, १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' सांगतील. अल्बम थोर आहे, वाद नाही. पण तो 'मेट्रोपोलिस' या गाण्याचा दुसरा भाग आहे आणि पहिला भाग 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये आहे. आधीचे सूर जिथे परत येतात तिथे जुना श्रोता मोहरतो आणि नवा नुसता बसून राहतो. 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये आठच गाणी आहेत, तासाच्या आत संपतात. त्यातलं पहिलं गाणं रंगात असताना अचानक, कुणीतरी वायर ओढावी तसं तुटतं. ते तसंच आहे, तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. त्या तुटण्यानंतरच्या क्षणभर शांततेत पुढच्या गाण्याचा सूर आला की माणूस अल्बममध्ये अडकतो.

फेट्स वॉर्निंगचा १९९७ चा 'अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे' हे बारा भागांचं एकच सलग गाणं आहे. माझं त्यावर मनापासून प्रेम आहे आणि तरीही तो मी नव्या माणसाला देणार नाही. नमनालाच घडाभर तेल होईल. त्याला १९९१ चा 'पॅरलल्स' द्यावा. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनचा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' हा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्कीनच्या कथांवर आहे, पण गाण्यांच्या मध्ये निवेदनाचे छोटे तुकडे इतके आहेत की कथा माहीत नसलेला वैतागतो. त्याच्या आधीचा १९९५ चा 'इमॅजिनेशन्स फ्रॉम द अदर साइड' घ्या. एकावर एक रचलेले आवाज, तरी प्रत्येक गाणं आपल्या पायावर उभं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड येते ती गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपच्या 'लोकप्रिय' यादीची. नाइटविश शोधा. वर पाच-दहा गाणी येतात. त्यांत एक टार्याचं, एक अ‍ॅनेट ओल्झोनचं, एक फ्लोर यान्सेनचं, मध्येच मैफिलीतलं एखादं. तीन गायिका, तीन काळ, सगळं एका पंगतीला. ऐकणाऱ्याला वाटतं या बँडला स्वतःचा चेहराच नाही, आणि तो पुढे जातो. त्यात पुन्हा संथ गाण्यांना झुकतं माप, कारण मेटल न ऐकणारेही ती ऐकतात. म्हणजे सोनाटा आर्क्टिका शोधला तर त्यांच्या वेगाची कल्पनाच येत नाही. अल्बम ही त्या माणसांनी क्रम लावून दिलेली गोष्ट आहे. 'व्हिजन्स'मध्ये दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडाचे सुटे सुटे सूर टपटपतात आणि मग एकदम दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम सुटतो. पहिलं गाणं मध्यम लयीचं आहे म्हणून या सुटण्याला जोर आहे. अ‍ॅपने ते दुसरं गाणं एकटं ऐकवलं तर निम्मी मजा गेली. शेवटचं दहा मिनिटांचं गाणंही आधीची नऊ ऐकली असतील तरच पेलतं. यादी बनवणाऱ्या यंत्राला हे कळत नाही, आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नाही. निवड त्याच्यावर सोपवू नये एवढंच म्हणणं आहे. मैफिलीचे अल्बमही सुरुवातीला नकोत. हजारो लोक जी ओळ एकमुखाने गात असतात ती आपल्याला माहीत नसते, आणि परक्या लग्नात गेल्यासारखं होतं.

त्या बाईंच्या प्रश्नाकडे पुन्हा बघितलं की निवड सोपी होते. गळा ज्याला आधी ऐकू येतो त्याने 'व्हिजन्स' किंवा कॅमलॉटचा २००३ चा 'एपिका' घ्यावा. गटेच्या 'फाउस्ट'वरची त्यांची कथा तिथे सुरू होते आणि २००५ च्या 'द ब्लॅक हेलो'मध्ये पूर्ण होते, म्हणून मी 'एपिका' आधी सांगते. अनेकांना ते पटत नाही. वाद्यांची गुंफण ऐकू येणाऱ्याने सिंफनी एक्सचा 'द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी'. शीर्षकगीत वीस मिनिटांचं असलं तरी तोपर्यंत बाकीची गाणी कान तयार करून ठेवतात. आणि ज्याचं लक्ष आधी तालाकडे जातं, त्याने थेट ब्राझीलला जावं: साओ पाउलोच्या अँग्राचा १९९६ चा 'होली लँड'. सोळाव्या शतकात युरोपीय जहाजं ब्राझीलला लागली त्या काळावरचा हा अल्बम. तिथली तालवाद्यं आणि मेटलचे ड्रम्स त्यात नेमके एकमेकांना जागा देत वाजतात. आपल्या कानांना तो इतका पटकन जवळचा वाटतो की मी आपल्या माणसांना हल्ली पहिल्यांदा हाच ऐकवते. त्यात गाणारा आंद्रे मातोस २०१९ मध्ये गेला; त्याचा तो उंच, किंचित थरथरणारा आवाज या अल्बममध्ये भरून आहे.

स्टॉकहोमच्या ओपेथबद्दल मात्र माझं मत अनेकांना कठोर वाटतं. त्यांच्या गाण्यांत खर्जातली गुरगुर आणि हळवा गळा दोन्ही येतात, आणि दोन्ही मिकाएल ओकरफेल्डचेच. घाबरणाऱ्यांना सगळे २००३ चा 'डॅम्नेशन' देतात, कारण त्यात गुरगुर अजिबात नाही. सुंदर अल्बम आहे. पण तो ऐकून जो पुढे जाईल त्याला ओपेथ कळलेला नसेल. २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' घ्या. पहिल्यांदा दचकाल, आणि त्या दचकण्यानंतर येणारी निव्वळ गिटारची शांत जागा तुम्हाला 'डॅम्नेशन'मध्ये मिळणार नाही.

नाइटविशबाबत आमच्या ऑफिसात अजून एकमत नाही. सहकारी म्हणतो, २००४ चा 'वन्स' द्यावा, लंडनचा भव्य वादकवृंद, मोठा आवाज, लगेच पकडतो. मी १९९८ च्या 'ओशनबॉर्न'वर ठाम आहे. रशियाच्या सीमेजवळच्या किते या छोट्या गावातली ही पोरं, वादकवृंदाऐवजी टुओमस होलोपाइनेनचे की-बोर्ड, आणि त्यावर ऑपेराच्या तालमीतला टार्याचा गळा. पुढे जे जे मोठं झालं ते सगळं त्यात आहे, फक्त कमी साधनांत. तुमच्यापैकी कुणी दोन्ही ऐकून मत दिलंत तर त्याला दाखवीन.