ट्रकच्या लायसन्सवर पॅसेंजर एंडोर्समेंट घेतली, न्यू जर्सीतला माझा अनुभव

माझ्याकडे क्लास ए सीडीएल होतं, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या मोठ्या ट्रकचं व्यावसायिक लायसन्स, ९ वर्षं ट्रक चालवला. ५३ फुटी ट्रेलर, बहुतेक वेळा ड्राय व्हॅन म्हणजे साधा बंद डबा, न्यू जर्सीतून निघायचं ते ओहायो, इलिनॉय, कधी टेक्सासपर्यंत, आणि घरी उगवायचं ते शनिवारी दुपारी. मुलगी सहावीत गेली तेव्हा ठरवलं की आता रोज रात्री घरीच झोपायचं. पण स्टीअरिंग सोडायचं नव्हतं, ते काम मला मनापासून आवडतं, मग उरली बस. आमच्या भागातून रोज सकाळी न्यूयॉर्कला माणसं नेणाऱ्या कितीतरी बसेस सुटतात आणि त्यांना ड्रायव्हर हवेच असतात.

त्यासाठी लायसन्सवर पी हे अक्षर लागतं, म्हणजे पॅसेंजर एंडोर्समेंट, प्रवासी न्यायची जादा परवानगी. ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसं बसतील अशा बनावटीची गाडी चालवायची तर हे हवंच, हा नियम सगळ्या अमेरिकेला एकच आहे. स्कूल बसचं एस वेगळं असतं आणि त्यालाही आधी पी लागतं. माझा समज असा होता की क्लास ए म्हणजे सगळ्यात वरचं लायसन्स, एक लेखी परीक्षा दिली की झालं, हॅझमॅटला म्हणजे धोकादायक मालासाठी देतात तशी. तसं नाही हो. पी ला लेखी आहे, ट्रेनिंग आहे आणि बस घेऊन प्रत्यक्ष चाचणीही आहे. तयारीत असलेल्या कुणालाही मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण सगळं वेळापत्रक यावरच बसवावं लागतं.

लेखी परीक्षेत २० प्रश्न, १६ बरोबर यायला हवेत. जनरल नॉलेज आणि एअर ब्रेकच्या परीक्षा ट्रकच्या वेळीच झालेल्या होत्या, त्या परत नाही द्याव्या लागल्या. अभ्यासाला सीडीएल मॅन्युअलमधलं प्रवासी वाहतुकीचं एकच प्रकरण, पानं थोडीच आहेत, पण मी ते तीनदा वाचलं कारण त्यातलं जवळजवळ काहीच मला ट्रकमुळे माहीत नव्हतं. ड्रायव्हरच्या मागे जमिनीवर जी रेघ असते तिच्या पुढे कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. पेट्रोलचा डबा किंवा गाडीची बॅटरी घेऊन कुणी चढायला लागला तर त्याला चढू द्यायचं नाही. बंद शेडमध्ये माणसं आत असताना डिझेल भरायचं नाही. दंगा करणाऱ्या प्रवाशाला रागाच्या भरात कुठेही अंधारात उतरवायचं नाही, पुढचा ठरलेला थांबा किंवा सुरक्षित, उजेडाची जागा बघायची, म्हणजे त्याने त्रास दिला तरी त्याच्या जिवाची जबाबदारी आपलीच राहते, हे वाचून मी जरा वेळ थांबलो होतो. आणि वळणाबद्दलचं एक वाक्य तर कायमचं डोक्यात बसलं: आतल्या बाजूला उतार दिलेल्या वळणावर बस बाहेरच्या बाजूला कलली तर समजा तुमचा वेग जास्त आहे.

लेखी पास झालो की लगेच लायसन्सवर पी येत नाही, हातात येते सीएलपी, म्हणजे शिकाऊ परमिट. ९ वर्षं ८० हजार पौंडांची गाडी चालवून परत शिकाऊ परमिट हातात घेताना विचित्र वाटलं, पण बसच्या बाबतीत मी शिकाऊच होतो. या परमिटवर बस चालवताना शेजारी पी असलेला सीडीएल ड्रायव्हर हवा आणि बसमध्ये प्रवासी घ्यायचे नाहीत, बाकीचे शिकणारे आणि परीक्षक चालतात. परमिट मिळाल्यापासून १४ दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. आमच्या राज्यात बस ड्रायव्हरची बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी रेकॉर्डची तपासणीही होते, तिची अपॉइंटमेंट मी याच १४ दिवसांत उरकली, तुम्हीही तसंच करा, उगाच नंतर त्यासाठी थांबणं नको.

आता ट्रेनिंग. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवा फेडरल नियम आहे, पहिल्यांदा पी घेणाऱ्याला ठरावीक अभ्यासक्रमाचं ट्रेनिंग सक्तीचं आहे आणि ते सरकारच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नाव असलेल्या ठिकाणीच करावं लागतं. थिअरी आणि प्रत्यक्ष गाडीवरचं असे दोन भाग. किती तास करायचे याचं बंधन नाही, थिअरीत ८० टक्के हवेत आणि गाडीवर ट्रेनरची खात्री पटायला हवी. दोन्ही भाग वेगवेगळ्या ठिकाणी केले तरी चालतात, म्हणून मी थिअरी ऑनलाइन केली, ट्रकच्या कॅबमध्ये बसून, माल उतरवायला डॉकवर दोन-दोन तास थांबावं लागतं ना तेव्हा. गाडीवरचा भाग जवळच्या एका स्कूलमध्ये.

तिथले ट्रेनर रिटायर्ड बस ड्रायव्हर होते, साठी उलटलेले, आवाज कधीच चढायचा नाही. पहिल्या दिवशी ४० फुटी बसमध्ये बसवलं आणि म्हणाले, तू चांगला ड्रायव्हर आहेस हे मला दिसतंय, पण तुझं पुढचं चाक कुठे आहे सांग. मी नेहमीच्या सवयीने पुढे हात केला. ते म्हणाले, मागे आहे, तुझ्या सीटच्या मागे. खरंच होतं. नाकवाल्या ट्रकमध्ये पुढचा एक्सल आपल्या पुढे असतो, या बसमध्ये ड्रायव्हर चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे चौकात वळताना आपण स्वतः कोपरा ओलांडून पुढे गेलो तरी वळायला सुरुवात करायची नसते, अजून थोडं जायचं, जवळजवळ समोरच्या लेनवर लटकल्यासारखं वाटतं, आणि मग स्टीअरिंग फिरवायचं. पहिले दोन दिवस मी प्रत्येक उजव्या वळणाला लवकर फिरवत होतो आणि मागचं चाक फुटपाथला घासत होतं. शिवाय मागच्या चाकांच्या मागे बसचं बरंच अंग उरतं, तुम्ही उजवीकडे वळलात की ते डावीकडे बाहेर फेकलं जातं, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी किंवा थांब्यावरचा खांब, डाव्या-उजव्या दोन्ही आरशांत सारखं बघत राहावं लागतं. ट्रेलर मागे आत ओढला जातो हे माझ्या हाडामासात होतं, शेपूट बाहेर फिरतं हे नव्हतं.

दुसरी सवय ब्रेकची. माल भरलेला ट्रेलर थांबवताना मी हळूच ब्रेक लावायचो पण शेवटच्या दोन-तीन फुटांत गाडी जरा ठसक्यात थांबायची, पॅलेट पट्ट्यांनी बांधलेली, कोण तक्रार करणार. ट्रेनर मधल्या जागेत काही न धरता उभे राहायचे आणि मला फक्त थांबव म्हणायचे. त्यांचा हात दांडीकडे गेला की परत. असं एका सकाळी २०-२५ वेळा तरी केलं असेल. माझे मामा एसटीत कंडक्टर होते, ते सांगायचे की चांगला ड्रायव्हर मला माझ्या पायांना कळतो, तिकीट फाडताना तोल गेला नाही की समजायचं. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य मला त्या सकाळी कळलं. इथे कंडक्टर नाही, तिकीट, दार, घोषणा, व्हीलचेअरची पट्टी, सगळं ड्रायव्हरच बघतो, पण पायांना कळणारे प्रवासी तेच आहेत.

आणि रेल्वे फाटक. यावर थोडं जास्त लिहितो कारण ट्रकवाल्यांचा घोळ इथेच होतो. धोकादायक माल नसलेल्या ट्रकला, फाटकाचे लाल दिवे लागलेले नसतील तर, थांबावं लागत नाही, वेग कमी करून बघून जायचं. प्रवाशांची बस मात्र रेल्वेगाडी येत असो वा नसो थांबलीच पाहिजे, जवळच्या रुळापासून १५ फुटांपेक्षा जवळ नाही आणि ५० फुटांपेक्षा लांब नाही. हॅझर्ड लाइट लावायचे, दोन्हीकडे बघायचं, कान द्यायचा, नीट ऐकू येत नसेल तर पुढचं दार उघडायचं, निघण्याआधी बंद करायचं, आणि रूळ ओलांडताना गिअर बदलायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी बोलता बोलता एका फाटकावरून सरळ निघून गेलो. बस रिकामी, लाल दिवे लागलेले नाहीत, कुठलीच रेल्वेगाडी येत नव्हती. ट्रेनर काहीच बोलले नाहीत, पुढच्या चौकातून मला वळवून परत त्याच फाटकाशी आणलं, आणि असं चार वेळा. चौथ्या वेळी म्हणाले, मागे ४० माणसं बसलेली असतात आणि त्यातलं कुणीही रुळाकडे बघत नसतं, तुझ्याशिवाय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून माझ्या स्वतःच्या कारमध्येसुद्धा फाटक दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

प्री-ट्रिप इन्स्पेक्शन सोपं जाईल असं वाटलं होतं आणि बरंचसं गेलंही, टायर, ब्रेक, बेल्ट, लाइट सगळं तेच. फक्त आत चढल्यावर नवी यादी सुरू होते: सीट जमिनीला घट्ट बसवलेल्या आहेत का, दांड्या हलत नाहीत ना, इमर्जन्सी खिडक्या आणि छतावरची झडप उघडतात का, त्यांचा बझर वाजतो का, पायऱ्यांचा लाइट, जमिनीवर पाय अडकेल असं काही नाही ना. परीक्षकासमोर हे हात लावून मोठ्याने बोलायचं असतं. मी घरी रात्री जेवणाच्या टेबलाभोवती फिरत बोलून बोलून पाठ केलं, मुलगी माझ्या हातातला कागद घेऊन चुका काढायची.

चाचणीची तारीख मिळाली आणि तिथे गेलो तर काउंटरवर सांगितलं की तुमचं ट्रेनिंग सिस्टिममध्ये दिसत नाही. थिअरी दिसत होती, गाडीवरचं नाही. ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत स्कूलने ते रजिस्ट्रीत चढवायचं असतं, त्यांनी चढवलंही होतं, पण माझ्या लायसन्स नंबरातला एक आकडा चुकला होता. त्या एका आकड्यापायी चाचणी रद्द, पुढची तारीख तीन आठवड्यांनी, आणि बस आपणच न्यायची असते, सोबत पी वाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे त्या दोघांचीही तारीख परत जुळवा. मी त्या स्कूलवर खूप चिडलो, आजही राग आहे, कारण इकडे मी ट्रकची नोकरी सोडण्याची नोटीस देऊन बसलो होतो. आपला रेकॉर्ड रजिस्ट्रीच्या साइटवर आपल्यालाही बघता येतो, हे मला नंतर कळलं. चाचणीच्या चार दिवस आधी तो उघडून थिअरी आणि प्रत्यक्ष दोन्ही दिसतात का, पी च लिहिलंय का, नंबर बरोबर आहे का, हे स्वतः बघा, स्कूलच्या शब्दावर राहू नका.

दुसऱ्या तारखेला सगळं व्यवस्थित झालं. इन्स्पेक्शन, मग सरळ रिव्हर्स आणि बाजूच्या लेनमध्ये रिव्हर्स, मग रस्ता. वाटेत फाटक आलं, थांबलो, हॅझर्ड, दार उघडलं, ऐकलं, बंद केलं, निघालो. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं, मी बघितलं नाही. पास झालो.

नवं लायसन्स आलं त्यावर पी होतं आणि खाली एम असं एक बंधन. घाबरलो, वाटलं क्लास ए गेला. तसं काही नसतं. चाचणी मी क्लास बी च्या, म्हणजे ट्रेलर न जोडलेल्या मोठ्या गाडीच्या वर्गातल्या, बसवर दिली म्हणून प्रवासी गाड्यांपुरतं मला क्लास बी आणि सी चालतं, ट्रक-ट्रेलरचा क्लास ए आहे तसाच आहे. रस्त्यावरच्या बहुतेक बसेस क्लास बी च असतात त्यामुळे अडत काहीच नाही, फक्त आधी कुणी सांगितलं असतं तर एक रात्र नीट झोपलो असतो.

कामावर लागल्यावर बदललेली अजून एक गोष्ट म्हणजे तासांचं गणित. ट्रकला १० तास सुट्टीनंतर ११ तास ड्रायव्हिंग, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, बसला ८ तास सुट्टीनंतर १० तास ड्रायव्हिंग आणि ड्यूटी १५ तासांपर्यंत. कागदावर बसची सुट्टी कमी आहे, ती ८ तासांची सुट्टी झोपेला पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी शिफ्ट घेताना मध्ये १० तास मिळतीलच असं बघतो, डिस्पॅचरला ते आवडो न आवडो.

गार्डन स्टेट पार्कवेवर १०५ नंबरच्या एक्झिटच्या उत्तरेला ट्रकला बंदी आहे, ९ वर्षं मी त्या रस्त्याला वळसा घालून गेलो, आता तिथूनच जातो. आणि सकाळी ६ ते १० न्यूयॉर्कच्या लिंकन टनेलकडे जाणाऱ्या ४९५ नंबरच्या रस्त्यावर उलट दिशेची एक लेन फक्त बसेससाठी मोकळी ठेवतात, १९७० पासून, अडीच मैलांची. प्रवासी घेऊन पहिल्यांदा त्या लेनमध्ये शिरलो तेव्हा पुढे बस, मागे बस, डाव्या बाजूला तुंबलेल्या गाड्या नाहीत तर समोरून येणारा ट्रॅफिक, मध्ये नुसते प्लास्टिकचे खांब. हात घामेजले होते. त्याआधी वाटेत एक फाटक लागलं होतं, तिथे दार उघडलं तेव्हा थंड हवा आत आली आणि पहिल्या सीटवरच्या काकांनी झोपेतच कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. टर्मिनलला सगळे उतरल्यावर त्यांना मी जाऊन उठवलं.